तलावाच्या पाण्याचं तापमान वरखाली होतं, ते मॉडेलमध्ये कसं घालायचं?

मोइना_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एमएससी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय असा: तापमानाच्या चढउतारामुळे तलावातली एखादी प्रजाती नष्ट होण्याचा धोका किती वाढतो. प्रजाती घेतली आहे मोइना. डाफ्नियाच्या गटातला हा पाण्यातला पिसू, मत्स्यबीज केंद्रात माशांच्या पिलांना खाऊ घालतात तोच. तलाव उमरेड रस्त्याकडचा, जुना मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी शेतीसाठी बांधलेला. पावसाळा संपताना पाळीजवळ तीन मीटरच्या आसपास पाणी असतं, मे संपता संपता ते गुडघ्याला येतं आणि मधे मधे नुसता चिखल उघडा पडतो.

हाताशी आहे ते सांगते. एक, प्रयोगशाळेत वेगवेगळ्या स्थिर तापमानांना मोइना वाढवून काढलेला वाढीचा आलेख. थंडीकडून हळूहळू चढतो, ३० अंशांच्या आसपास शिखर, मग झपकन उतार आणि ४० ला शून्य. दुसरं, सोनेगावच्या हवामान केंद्राची रोजच्या कमाल-किमान तापमानाची जुनी मालिका. तिसरं, आर या संगणकभाषेत लिहिलेलं रिकरचं मॉडेल (आजच्या संख्येवरून पुढची संख्या काढणारं, गर्दी वाढली की वाढ रोखणारं), एका दिवसाची पायरी धरून.

आता अडचण. रोजचं सरासरी तापमान घातलं की मॉडेल म्हणतं धोका जवळजवळ नाहीच, मेमध्येसुद्धा मोइना मजेत. रोजचं कमाल तापमान घातलं की दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात सगळं संपतं, एकही वर्ष सुटत नाही. आणि तलावावर गेलं की तिसरंच दिसतं. मेअखेर जाळीत मोइना जवळपास सापडत नाही, आणि जुलैत पहिल्याच ओढीला बाटलीचा तळ दाट होतो.

गाइड म्हणतात, सरासरी घे आणि त्यावर यादृच्छिक गोंगाट, म्हणजे कसेही वरखाली होणारे आकडे, टाक. टाकीन, पण किती टाकू आणि कशाच्या आधारावर? सरासरी वाढल्यामुळे आलेला धोका आणि चढउतार वाढल्यामुळे आलेला धोका वेगळे काढता येतात का? विषयाचं नावच ते आहे म्हणून विचारून राहिली. ज्यांनी असं काम केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा, पुष्कळ दिवसांपासून इथेच अडकली आहे.


वैदर्भी_गणित

मोइना, तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. मी प्राणिसंख्येच्या मॉडेलांवरच काम करते आणि शिक्षण नागपुरातच झालं, त्यामुळे हे तलाव माझ्या ओळखीचे आहेत. तुझ्या प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग आहेच: तीन मीटर पाणी गुडघ्याला येतं, हे वाक्य तू वर्णनात लिहिलंस, ते मॉडेलमध्ये लिहायला हवं. कसं ते सांगते, पण आधी आलेखाबद्दल.

तुझा वाढीचा आलेख वाकडा आहे. एका बाजूनं हळू चढतो, दुसऱ्या बाजूनं कोसळतो. अशा वाकड्या आलेखावर सरासरी तापमानाला मोइनाची होणारी वाढ आणि वेगवेगळ्या तापमानांना होणाऱ्या वाढीची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी होतात. योहान येन्सन या डॅनिश गणितज्ञानं १९०६ मध्ये मांडलेली असमानता ती हीच. आकडे घालून बघ. शिखर ३०, वरची मर्यादा ४०. शिखराच्या खाली घंटेसारखा चढ धर (३० पासूनचा फरक भागिले ८, त्याचा वर्ग, आणि तो e चा ऋण घातांक म्हणून), आणि शिखराच्या वर वर्गाच्या हिशेबानं उतार. कीटकांवरच्या कामात हाच आकार बराच वापरतात.

पाणी कायम ३२ अंशांवर असेल तर वाढ शिखराच्या ०.९६ पट. अर्धा दिवस ३४ आणि अर्धा दिवस ३० असेल तर ०.९२. फारसं बिघडलं नाही. पण अर्धा दिवस ३८ आणि अर्धा दिवस २६ असेल तर ३८ ला ०.३६, २६ ला ०.७८, सरासरी ०.५७. तिन्ही वेळा दिवसाचं सरासरी तापमान ३२ च आहे! गाइड म्हणतात तशी नुसती सरासरी घेतलीस तर हे सगळं दिसेनासं होतं.

आता हाच ±६ चा झोका डिसेंबरात घे, सरासरी २० धरून. स्थिर २० ला वाढ ०.२१. पण १४ आणि २६ यांच्यात हेलकावे खाणाऱ्या पाण्यात ती सुमारे ०.४० येते, जवळजवळ दुप्पट. थंडीत चढउतार मोइनाला मदत करतात, कारण आलेखाचा तो भाग वर वळणारा आहे. म्हणून ‘चढउतारानं धोका वाढतो’ असं सरसकट विधान प्रबंधात लिहू नकोस. सरासरी आलेखाच्या कोणत्या भागात बसली आहे यावर ते ठरतं. व्हॅसर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३८ अपृष्ठवंशी प्रजातींचे असे आलेख घेऊन दाखवलं की येत्या काळात सरासरीच्या वाढीपेक्षा चढउतारातली वाढ जास्त घातक ठरू शकते. तो अभ्यास जरूर वाच, पण ते हवेच्या तापमानावरचं काम आहे. आपण पाण्यात आहोत.

आणि इथेच तुझी दोन्ही उत्तरं फिसकटतात. मोइना सोनेगावच्या हवेत राहत नाही. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ पाहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५, पण तीन मीटर पाण्यानं यातलं फार थोडं पाहिलं असणार. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. त्याला किती वेळ लागतो हे खोलीवर ठरतं, आणि हिशेब सोपा आहे: घनमीटर पाण्याची उष्णताधारकता (सुमारे ४१.८ लाख ज्यूल दर अंशाला) गुणिले खोली, भागिले पृष्ठभागावरून होणारी उष्णतेची देवाणघेवाण. हा शेवटचा आकडा वारा आणि बाष्पीभवन यांच्यावर हलतो. तूर्त दर चौरस मीटरला, दर अंशाला ४० वॅट धर. मग तीन मीटरच्या तलावाचा प्रतिसादाचा काळ साडेतीन दिवसांच्या वर जातो, एक मीटरचा सव्वा दिवसाच्या आत येतो, आणि ३० सेंटीमीटर पाण्याचा नऊ तासांहूनही कमी.

ऊन, हवा, वारा मिळून पाण्याला दिवसभरात ±१५ अंश हलवू पाहतात असं समजू. तीन मीटर पाण्यात त्यातले ±०.७ उरतात. एक मीटरमध्ये ±२. तीस सेंटीमीटरमध्ये ±६. वरच्या हिशेबात मी ±२ आणि ±६ का घेतले ते आता लक्षात आलं असेल.

माझं खरं म्हणणं हे आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. परदेशातल्या बहुतेक मॉडेलांत सरासरी आणि चढउतार ही दोन वेगळी बटणं असतात: एक फिरवा, दुसरं स्थिर ठेवा. आपल्या मालगुजारी तलावांत ती वेगळी नाहीत. पाणी सगळ्यात गरम होतं त्याच महिन्यात ते सगळ्यात उथळ होतं, आणि उथळ झालं म्हणून त्याच महिन्यात झोका सगळ्यात मोठा होतो. सरासरी शिखराच्या पलीकडे, कोसळत्या बाजूला गेलेली असते आणि नेमका तेव्हाच झोका तिप्पट होतो. या दोघांना जोडणारा धागा म्हणजे खोली. तो मॉडेलमध्ये नसेल तर गोंगाट किती टाकायचा हा तुझा प्रश्न सुटणारच नाही, कारण एकच आकडा वर्षभर चालत नाही.

तेव्हा असं कर. पाण्याच्या तापमानाला स्वतःचं समीकरण दे: दर तासाला पाणी समतोल तापमानाकडे (ऊन, हवा, वारा त्याला नेऊ पाहतात त्या तापमानाकडे) सरकतं, आणि सरकण्याचा वेग खोलीच्या व्यस्त प्रमाणात. खोलीला वेगळं समीकरण: पाऊस, बाष्पीभवन, उपसा. मेमध्ये नुसत्या बाष्पीभवनानं रोज सेंटीमीटरभर पाणी सहज जातं. मग एकच मॉडेल चार वेळा चालव. एकदा सगळं खरं. एकदा सरासरी खरी पण दिवसाचा झोका काढून टाकलेला. एकदा झोका खरा पण सरासरी जुन्या वर्षांची. आणि एकदा खोली नोव्हेंबरएवढी गोठवून. चौथी फेरी पहिलीच्या शेजारी ठेवलीस की उथळपणाचा वाटा हातात येतो. सरासरीचा वाटा आणि झोक्याचा वाटा बेरजेत पूर्ण जुळणार नाहीत. उरलेला भाग हा त्या दोघांच्या संगनमताचा असतो. तो लपवू नकोस, तोच निष्कर्ष आहे.

एक सावधगिरी. ४० च्या पुढे आलेख शून्यावर कापायचा की ऋण होऊ द्यायचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. शून्यावर कापलास तर ४२ अंशांना मोइना फक्त वाढत नाही, मरत नाही. ऋण होऊ दिलास तर मरते, पण ४२ अंश दोन तास आणि ४२ अंश दिवसभर यांतला फरक तुझ्या दिवसाच्या पायरीत कळत नाही. याला उपाय प्रयोगशाळेतच आहे: ३८, ४०, ४२ ला ठेवून निम्म्या मोइना मरायला किती वेळ लागतो ते मोज. वेळ लॉगमध्ये मांडलास की साधारण सरळ रेषा मिळते. अन्न डबाबंद करणारे लोक जिवाणूंसाठी हा हिशेब शंभर वर्षांपासून करत आले आहेत.


ओलावा_सेन्सर

वरच्या उत्तराला जोडून थोडं तांत्रिक. मॉडेल कितीही चांगलं केलं तरी पाण्याचं खरं तापमान काही महिने मोजल्याशिवाय तो ४० वॅटचा आकडा बसवता येणार नाही. महागडे लॉगर (आपोआप तापमान नोंदवणारी यंत्रं) नसतील तर डीएस१८बी२० चा जलरोधक सेन्सर घ्या, अर्ध्या अंशापर्यंतची अचूकता मिळते, सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. एका दोरीवर तीन बांधा: पृष्ठभागाखाली वीतभर, मधे, आणि तळापासून वीतभर वर. दोरी तरंगत्या डब्याला बांधा, काठावरच्या बेशरमच्या फांदीला नको. पाणी उतरलं की फांदी जागेवर राहते आणि वरचा सेन्सर हवेत लटकतो, मग एप्रिलचे आकडे हवेचे असतात आणि पाहणाऱ्याला वाटतं पाणी तापलं. वरच्या सेन्सरवर पांढऱ्या पाइपचा तुकडा चढवा, नाहीतर तो थेट उन्हानं तापतो. आणि डब्यावर तलावाचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारून नाव लिहा, जाळं टाकताना ते तोडणार नाहीत.

दुपारी वरच्या आणि खालच्या सेन्सरमध्ये चांगला फरक दिसेल, रात्री तो मिटेल. ताईंच्या हिशेबात सगळं पाणी एकाच तापमानाचं धरलं आहे, पण तसं पूर्ण मिसळलेलं पाणी फक्त पहाटेच असतं, दुपारी नसतं.


साकोलीचा_ढीवर

माझं शिक्षण बारावी, मॉडेल समजत नाही. पण तलाव आमच्या संस्थेकडे आहे आणि आज्यापासून आम्ही त्याच पाण्यात आहो, म्हणून लिहून राहिलो.

बाष्पीभवन बाष्पीभवन करून राहिले तुम्ही, पण आमच्याकडे पाणी उन्हानं कमी जाते आणि मोटरीनं जास्त जाते. उन्हाळी धान लागलं की पाळीवर मोटरी बसतात, मार्च-एप्रिलात पंधरा दिवसांत हातभर पाणी खाली. त्याचं तुमच्या गणितात काही नाही. ताईंनी उपसा लिहिलं आहे, पण एका शब्दानं भागणार नाही. कोणत्या वर्षी किती एकर उन्हाळी धान लागलं ते तलाठ्याकडे मिळते, ते मागा.

दुसरं. तलाव सगळा सारखा नसते. तुडुमजवळ, म्हणजे पाणी सोडायचं दार असते तिथे, खोलगट असते. मे महिन्यात सगळी जित्राबं तिथे येतात. पाणी तिथे दुपारी पायाला थंड लागते आणि चार हात बाजूला पाय पोळते. आम्ही जाळं तिथेच टाकत नाही त्या दिवसांत, जुनी रीत आहे. कोणी टाकलं तर पुढच्या साली मरळ कमी येते, हे पाहिलेलं आहे.

तिसरं, मासोळी दुपारच्या उन्हानं मरताना मी कमी पाहिली. मरते ती पहाटे. रात्री ढग, वारा बंद, आणि चार-साडेचारला रोहू-कतला तोंड वर काढून पचपच करत राहतात. सूर्य वर आला की पुन्हा खाली. एखाद्या दिवशी नाही जात. मरळ-मागूरला काही होत नाही, ते वरून हवा घेतात, पाणी आटलं तर चिखलात दबून राहतात. पहिल्या पावसाचं पाणी आलं की गाळ ढवळतो, तेव्हाही मरते. तर तुमच्या तापमानात हे कुठे बसते ते सांगा.

आणि एक विचारायचं आहे. आमच्या तलावाचा गाळ काढायचं चाललं आहे, गाळमुक्त धरण योजनेत. खोली वाढली की चांगलंच ना? का त्यातही काही आहे?


मोइना_नागपूर

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. खोलीचं समीकरण आजच लिहायला घेते. दादा, तलाठ्याकडून उन्हाळी धानाचे आकडे मागायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

ताई, अजून दोन शंका. मोइना मेमध्ये जाळीत सापडत नाही आणि जुलैत येते, तर मॉडेलमध्ये ‘नष्ट’ केव्हा म्हणायचं? शून्य झाल्यावर? आणि गाइडचा आग्रह आहे की एक मासाही घ्यावा, रोहू घ्यावा, त्याच्या उष्णतासहनशीलतेचे आकडे भरपूर मिळतात. माझंही मन तिकडेच जातं, कारण आकडे तयार आहेत.

आणि गोंगाटाच्या रंगाबद्दल वाचलं, लाल गोंगाट, पांढरा गोंगाट. तो आपल्याला लागतो का?


वैदर्भी_गणित

साकोलीचे दादा, तुम्ही जे लिहिलं त्यात मॉडेलला हवं ते जवळजवळ सगळं आहे, म्हणून आधी तुमच्याकडे येते.

पहाटेची गोष्ट अगदी बरोबर आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला ७.५, ३५ ला ७ च्या आत. आणि तापमान दहा अंशांनी चढलं की माशाची गरज दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. म्हणजे पुरवठा आटतो तेव्हाच मागणी वाढते. दिवसा शेवाळ प्राणवायू करतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, म्हणून सगळ्यात कमी पहाटे असतो. मोइनाताईच्या मॉडेलमध्ये याचा अर्थ असा की वरची मर्यादा ४० ही स्थिर संख्या राहत नाही. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ती खाली सरकते. प्रयोगशाळेत हवा सोडलेल्या भांड्यात काढलेला आलेख तलावाच्या पहाटेला तसाच्या तसा लावता येत नाही.

तुडुमजवळचा खोलगट भाग हा सगळ्यात मोठा मुद्दा. मोइना, एकाच तलावात दोन पाणी आहेत असं समजून मॉडेल दोन कप्प्यांचं कर: उथळ पसरट भाग आणि खोलगा. दोन्हींना आपापली खोली, आपापला झोका, आणि मधे ये-जा. एका कप्प्यात मे महिन्यात वाढ ऋण असली तरी दुसऱ्यातून जीव परत येतात. नुसत्या सरासरी खोलीचं मॉडेल धोका फुगवून सांगेल. आणि त्या दिवसांत तिथे जाळं न टाकण्याची रीत ही त्या मॉडेलमधली खरीखुरी संख्या आहे, मोइना. ती शून्य आणि एक अशा दोन किमतींना चालवून बघ. माझी खात्री आहे की तापमानाच्या अर्ध्या अंशापेक्षा तिचा परिणाम मोठा येईल.

आता तुझ्या शंका. रोहू घेऊ नकोस. रोहूला वाहतं पाणी लागतं, तो अशा बंद तलावात पैदास करत नाही, दरवर्षी संस्था बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, आणून सोडते. जी संख्या दरवर्षी विकत आणून भरली जाते तिच्या नष्ट होण्याची शक्यता काढण्याला अर्थ नाही. आकडे तयार आहेत म्हणून प्रजाती निवडायची नसते, त्या पाण्यात आपल्या बळावर जगते म्हणून निवडायची असते. मरळ घे. ती तलावातच वाढते, पिलं सांभाळते, हवा घेते. तुझ्या मोइनाशी तिची तुलनाही चांगली होईल: मोइनाची पिढी उन्हाळ्यात आठवड्याच्या आत उरकते, मरळ अनेक वर्षं जगते. दिवसाचा झोका मोइनाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो. नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांची, लाट मोइनाच्या अख्ख्या पिढीवरून जाते, आणि मरळीच्या आयुष्यात तो एक वाईट आठवडा असतो.

‘नष्ट’ केव्हा म्हणायचं, याबद्दल. मोइना दिवस वाईट आले की जाड कवचाची सुप्त अंडी घालते. ती गाळात पडून राहतात, तलाव कोरडा पडला तरी टिकतात, आणि नवं पाणी आलं की फुटतात. जुलैतली तुझी बाटली त्या अंड्यांनी भरते. म्हणून पाण्यातली संख्या शून्य झाली म्हणजे प्रजाती गेली असं होत नाही. मॉडेलला दुसरा साठा दे: गाळातली अंडी. दरवर्षी काही फुटतात, काही मरतात, चांगल्या वर्षी नवी पडतात. धोका मोजायचा तो या साठ्यावर, पाण्यातल्या मोइनावर नाही. फुटलेल्या अंड्यांतून आलेली पिढी नवी अंडी घालण्याआधीच पाणी आटलं तर साठा नुसता खर्च होतो. जूनमध्ये एक पाऊस पडून पुढे तीन आठवडे उघडीप, हे तिच्यासाठी मेपेक्षाही वाईट असू शकतं.

मरळीसाठी शून्याऐवजी एक उंबरठा ठरव, समजा वीस प्रौढ. मोजणीची काही वर्षं हातात असतील तर डेनिस, मनहॉलंड आणि स्कॉट यांचं १९९१ चं सूत्र हातानंही करता येतं. हजारापासून सुरुवात, वीसचा उंबरठा, लॉगमधली वाढ वर्षाला ०.०५ आणि तिचं विचरण (वर्षावर्षातल्या चढउताराचं माप) ०.२ असेल तर कधी ना कधी उंबरठा गाठण्याची शक्यता १४ टक्के येते. सरासरी वाढ तीच ठेवून फक्त विचरण ०.४ कर, ती ३८ टक्क्यांवर जाते. वाढीची सरासरी मात्र लॉगमध्येच घे. एका वर्षी दीडपट आणि पुढच्या वर्षी ०.६ पट, यांची साधी सरासरी १.०५ दिसते, पण दोन वर्षांनी हजाराचे नऊशे झालेले असतात.

रंगाचा प्रश्न लागतो, आणि तो खोलीतूनच सुटतो. लाल गोंगाट म्हणजे आजचा गरम दिवस उद्याही गरम राहणार, पांढरा म्हणजे उद्याचा आजशी संबंध नाही. हवेच्या गोंगाटात दिवसादिवसांचा काही संबंध नाही असं धरलं तरी तीन मीटर पाणी त्याला लाल करतं, लागोपाठच्या दिवसांचा सहसंबंध ०.७५ च्या आसपास येतो. तीस सेंटीमीटरमध्ये तो जवळजवळ राहत नाही. तेव्हा पाण्याचं समीकरण नीट लिहिलंस तर रंग वेगळा टाकावा लागत नाही. रिपा आणि लुंडबर्ग यांनी १९९६ मध्ये रिकरच्याच मॉडेलवर दाखवलं की लाल गोंगाटानं धोका कमीही होऊ शकतो, आणि लगेच पुढच्या वर्षी पेची, गोंझालेझ आणि विल्सन यांनी दाखवलं की ते गर्दी वाढल्यावर संख्येला लगाम किती जोरात बसतो यावर ठरतं. म्हणून तुझ्या रिकरमधली वाढीची किंमत दोन-तीन ठेवून बघ, एकीवर थांबू नकोस.

हवेची मालिका बनवताना घंटेच्या आकाराचे यादृच्छिक आकडे काढू नकोस. सोनेगावची अख्खी अख्खी वर्षं उचल आणि त्यांचा क्रम पिस. पाऊस, तापमान आणि धानाचा उपसा त्याच वर्षाचा एकत्र ठेव. उशिरा पावसाचं वर्ष तेच लांब उन्हाळ्याचं आणि तेच उथळ पाण्याचं वर्ष असतं. त्यांना तोडलंस तर सगळ्यात वाईट वर्ष मॉडेलमध्ये कधी येणारच नाही.

दादा, गाळाबद्दल. खोली वाढली की चांगलंच, हे माझंही मत. एक मीटर खोली वाढली तर मेमधला झोका कितीनं उतरतो ते मोइना तिच्या मॉडेलमध्ये तुमच्या तलावाचे आकडे घालून काढू शकेल, आणि तो आकडा संस्थेच्या बैठकीत ठेवण्यासारखा असेल. पण वरच्या काही सेंटीमीटर गाळातच ती सुप्त अंडी असतात, आणि मरळ दबून बसते तो चिखलही तिथेच. सगळा तलाव एकाच उन्हाळ्यात तळापासून खरवडला तर पुढच्या पावसात पिलांना खायला काही उरणार नाही. म्हणून संस्थेनं ग्रामपंचायतीला आत्ताच लिहून द्यावं: काम दोन उन्हाळ्यांत करा, पहिल्या वर्षी तुडुमच्या विरुद्ध बाजूचा अर्धा भाग घ्या, आणि खोलग्याच्या काठचा एक पट्टा हात न लावता सोडा. यंत्र एकदा आत उतरलं की कोणी ऐकत नाही, म्हणून पट्ट्याच्या कडेला बांबू रोवून घ्या. तलावाची लांबी-रुंदी आणि मेमधली खोली इथे टाकलीत तर पट्टा किती रुंद हवा याचा अंदाज मी काढून देते.